आंब्याची साल काढली तर झाड मेलं, मग चाळीस खाचे पडलेला माड उभा कसा?

वहाळाकाठची

मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, मालवणजवळच्या गावातून रोज एसटीने कॉलेजला जाते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे जलवाहिनी म्हटलं की कळतं आणि झायलम म्हटलं की परीक्षा आठवते.

आमच्या हद्दीवर एक जुना रायवळ आंबा होता. दोन वर्षांपूर्वी गणपती झाल्यावर कोणीतरी रात्री त्याच्या बुंध्याची साल वीतभर रुंद, गोल कड्यासारखी काढून टाकली. कोणी ते घरात सगळ्यांना माहीत आहे, ते जाऊ दे. गंमत अशी की झाडाला काही झालंच नाही. पानं हिरवी राहिली आणि त्या वर्षी मोहोर उलट नेहमीपेक्षा जास्त आला. आई म्हणाली, वाचला. पुढच्या पावसात पानं पिवळी पडायला लागली आणि दिवाळीपर्यंत झाड वाळून खडंग.

आता घरामागचा माड बघा. नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याला चढायला त्याच्या खोडात बुंध्यापासून वरपर्यंत खाचे पाडलेत. मी मोजले, चाळीसच्या वर आहेत, काही तीन बोटं खोल. आजोबांना विचारलं तर म्हणतात, "माडाक कायएक होवचा नाय गो." आणि खरंच होत नाही, अजून नारळ धरतो.

वर्गात सांगितलं की एकदलात (माड, मका) वाहक पूल, म्हणजे पाणी आणि साखर वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे, विखुरलेले असतात, द्विदलात (आंबा, सूर्यफूल) कड्यात असतात. पाच मार्कांची आकृती मी बिनचूक काढते, पण त्यातून हा आंबा आणि हा माड मला उलगडत नाही. प्रॅक्टिकलला मक्याच्या खोडाचा छेद घेतला तो भाकरीएवढा जाड आला, भिंगाखाली नुसता अंधार. कोणी नीट सांगेल का?

भेंड_आणि_ब्लेड

पोरी, मी 31 वर्षं एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. शिकवायचा अधिकार नव्हता, पण छेद मात्र अर्ध्या गावाला मीच शिकवले. त्यामुळे आधी तुझी भाकरी बघू.

भेंड, म्हणजे झाडाचा मऊ हलका गाभा, मिळालं तर उत्तम, नाहीतर पपईच्या पानाचा देठ नाहीतर गाजर घे. त्याला उभी चीर देऊन मक्याचं कोवळं खोड मध्ये धर. ब्लेड नवं हवं, आणि ब्लेड व खोड दोन्ही ओलं हवं. कांदा चिरल्यासारखं दाबायचं नाही, ब्लेड स्वतःकडे अलगद ओढायचं. वीस-पंचवीस काप घे, सगळे पाण्याच्या बशीत सोड. जो काप बशीत दिसतच नाही तो तुझा. पूर्ण गोल यायचा हट्ट सोड, नखाच्या कोरीएवढा पातळ तुकडा पुरतो. सॅफ्रनिनच्या लाल रंगात मिनिट-दोन मिनिटं, मग धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात.

मक्यात तुला लाल माकडतोंडं दिसतील. दोन मोठे डोळे म्हणजे जलवाहिन्या, खाली उघडं तोंड म्हणजे फाटून झालेली पोकळी, आणि कपाळाच्या जागी रसवाहिन्या, म्हणजे पानांनी केलेली साखर वाहणाऱ्या नळ्या. कडेला तोंडांची दाटी, मध्ये विरळ. मग सूर्यफुलाचा छेद शेजारी ठेव. तिथे पूल गोल रिंगणात, आणि प्रत्येकात जलवाहिनी आत, रसवाहिनी बाहेर. दोघींच्या मध्ये विटकरांनी चळत लावावी तशा चपट्या पेशींच्या दोन-चार ओळी दिसतील. ते कँबियम. मक्याच्या माकडतोंडात ते शोधून दाखव, सापडणार नाही. तुझ्या प्रश्नाचं सगळं उत्तर त्या ओळींत आहे.

आंबा वाढतो तसं कँबियम आतल्या बाजूला लाकूड घालत जातं आणि बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या. म्हणजे आंब्याच्या साऱ्या रसवाहिन्या सालीत, बुंध्याभोवती एका पातळ बाहीसारख्या. कडं काढलं की ती बाही पूर्ण तुटते. पाणी लाकडातून चढतं, त्याला धक्का लागला नाही, म्हणून पानं हिरवी. पण पानांनी केलेली साखर खाली उतरायची वाट बंद. ती वरच अडकली, म्हणून तुमच्या आईला तो भरघोस मोहोर दिसला. मुळं मात्र साठवलेल्या पिठावर दिवस काढत होती. साठा संपला, मुळं मेली, आणि मग वर पाणी चढवणार कोण? झाड वरून मेल्यासारखं दिसतं, मरतं खालून.

यात नवल काही नाही, गुटी कलम बांधताना आपण हेच करतो. पेरूच्या नाहीतर डाळिंबाच्या फांदीची बोटभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ बांधायचं. मुळं कुठे फुटतात? कापाच्या वरच्या ओठावर. खालच्या ओठावर कधी बघितलीस? साखर आणि वाढीचं संप्रेरक वरून येऊन तिथेच तुंबतात. माल्पिगी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने 17 व्या शतकात कड्याच्या वर आलेली ही सूज पाहून ठेवली होती.

आता माड. त्याला कँबियमच नाही. म्हणून त्याला आंब्यासारखी सोलून निघणारी साल नाही, आणि म्हणूनच त्याचं कलम होत नाही, गुटी होत नाही, नारळच रुजवावा लागतो. त्याच्या हजारो पुलांत प्रत्येकात स्वतःची जलवाहिनी आणि स्वतःची रसवाहिनी, आणि ते खोडाच्या आतपर्यंत पसरलेले. तीन बोटांचा खाचा त्यातले काही तोडतो, बाकीचे चालू. शिवाय खाचे एका बाजूला, नाहीतर आलटून पालटून. गोल कडं कोणी पाडत नाही.

पण याची दुसरी बाजूही बघ. आंब्याला जखम झाली तर कडेने गाठ येऊन ती भरायला लागते. माडाचा खाचा तुझ्या आजोबांच्या तरुणपणी पडला असेल तर आजही तेवढाच उघडा आहे. भरून आणणारं कोणी नाहीच तिथे.

तुमच्याकडे वहाळावर माडाच्या खोडाचा साकव असेल तर त्याचं कापलेलं टोक जाऊन बघ. पुस्तकातली आकृती राहू दे.

आगरातला

वरचं वाचून कोणी लगेच कोयता घेऊन माडाला खाचे पाडू नका, म्हणून लिहितोय. आमच्याकडे बाणवली जातीचे सत्तर माड आहेत. खाचा पाडल्याने माड मरत नाही हे खरं, पण उघड्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो आणि अळी आतून खोड पोखरते. बाहेर कळतं तेव्हा बुंध्याजवळच्या भोकातून तांबूस चीक आणि भुसा येत असतो, कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज. माझे असे दोन गेले. त्यातला एक वडिलांनी लावलेला, त्यामुळे जरा जास्तच लागलं. कृषी विद्यापीठाची माणसंही खोडाला जखम करू नका म्हणतात ते उगाच नाही. आता पाडेली शिडी नाहीतर चढायचं यंत्र घेऊन येतो. खाचे पाडू देत नाही म्हणून जुना पाडेली रुसला, तो येतच नाही.

दुसऱ्या_सत्रातला

एमएस्सीला आहे, दोन गोष्टी जोडतो.

एक, "एकदलात कँबियम नाही" हे परीक्षेत लिहायला बरोबर, पण बागेतलं ड्रॅसिना आणि युक्का त्याला अपवाद. ती वेगळ्या प्रकारचं कँबियम करून जाड होतात. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

दोन, माडात नवी रसवाहिनी तयार होत नाही याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आंब्यात कँबियम नव्या रसवाहिन्या घालत राहतं, जुन्या निकामी होतात. माडाच्या बुंध्यातली रसवाहिनी मात्र तिथे खोड तयार झालं तेव्हाची, आणि माड जगेल तितकी वर्षं तीच काम करते. तिच्या चाळणनलिकेत, म्हणजे साखर वाहणाऱ्या पेशींत, केंद्रक नसतं. शेजारच्या सहपेशीच्या जिवावर ती कित्येक दशकं जिवंत राहते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मेसमधलं जेवण विसरलो होतो.

वहाळाकाठची

काकांनी सांगितलं म्हणून रविवारी साकवावर जाऊन आले. आमचा साकव दोन माडांचा आहे. टोक चिखलाने माखलं होतं, नारळाच्या सोडणाने घासून धुतलं. कडेला गडद ठिपके इतके दाट की सुईचं टोक ठेवायला जागा नाही. आत जाल तसे ठिपके लांब लांब, आणि मध्यभागी खोड कुजून गेलेलं, माझी मूठ आत गेली. तरी वरून रोज माणसं चालतात, कारण कडेचं कवच दगडासारखं आहे. साल कुठे संपते आणि लाकूड कुठे सुरू होतं ते शोधत बसले, ती रेषच नाही.

मग हद्दीवरच्या आंब्याच्या खोडाकडे गेले, अजून तोडलेलं नाही. कड्याच्या वरच्या काठाला हाताला लागेल अशी जाड सूज आहे. खालचा काठ सपाट. दोन वर्षं रोज त्यासमोरून जात होते.

मक्याचा छेद गाजरात धरून परवा पुन्हा घेतला. बाविसाव्या कापात माकड दिसलं, एका डोळ्याचं. आजोबांना भुंग्याचं सांगितलं, तर ते उठून माडाला कान लावायला गेले.