प्रेस नोट पाठवून आठवडा होत आला, एकाही पेपरात बातमी लागली नाही

रानवाट_कर्जत
नमस्कार मंडळी, आमचं कर्जत तालुक्यात छोटं मंडळ आहे, २८ जूनला रविवारी रानभाज्यांचं प्रदर्शन आणि विक्री ठेवलीय, आजूबाजूच्या वाड्यांवरच्या कातकरी आणि ठाकर बायका शेवळं, टाकळा, भारंगी असं काय काय घेऊन येणार, तिथेच शिजवून पण दाखवणार. मुंबईच्या आणि लोकल पेपरांना मेल टाकले, कुठेच काही नाही. एका ठिकाणी फोन केला तर म्हणे जाहिरात विभागाशी बोला. जाहिरातीला पैसे नाहीत हो आमच्याकडे. नोटची सुरुवात खाली देतोय, स्पष्ट बोललात तरी चालेल.

"सालाबादप्रमाणे यंदाही मंडळाचे अध्यक्ष तथा सामाजिक कार्यकर्ते मा. श्री. ... यांच्या संकल्पनेतून व तालुक्याचे लाडके नेतृत्व मा. श्री. ... यांच्या शुभहस्ते भव्यदिव्य रानभाजी महोत्सवाचे आयोजन करण्यात आले असून याप्रसंगी विविध क्षेत्रांतील मान्यवरांची मांदियाळी..."

असं दीड पान आहे, लेटरहेडवर, पीडीएफ जोडली होती.

जुना_डेस्कवाला
ही लग्नपत्रिका झाली राव. संध्याकाळी पेपरच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या निवडून नीट करतात तिथे, एकेका माणसासमोर अशा मेलचा ढीग पडलेला असतो, तो सब्जेक्ट बघतो, पहिली दोन वाक्यं बघतो, त्यात काही सापडलं नाही की पुढचा मेल. तुमच्या इथल्या प्रश्नात बातमी आहे बघा, नोटमध्ये नाहीये. असं काहीतरी करा:

"कर्जत, ता. २० : शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडं ही आंबट रानफळं घालतात. रानभाज्यांची अशी माहिती त्या गोळा करणाऱ्या कातकरी आणि ठाकर महिलांकडूनच रविवारी (ता. २८) कर्जतमध्ये मिळणार आहे. भाज्यांची विक्री आणि पाककृतींची प्रात्यक्षिकेही होतील."

मग लगेच जागा, वेळ, प्रवेश फुकट का कसं, स्टेशनपासून किती लांब. मुंबईचा वाचक लोकलने येणार, त्याला तेच हवंय. एकूण दोनशे-अडीचशे शब्द बास. भव्यदिव्य, मांदियाळी वगैरे तुम्हीच काढा, नाहीतर आम्हाला काढत बसावं लागतं आणि तेवढा वेळ कोणालाच नसतो. सब्जेक्टमध्ये "प्रसिद्धीसाठी" एवढंच लिहू नका, सगळेच तेच लिहितात.

आणि पीडीएफ नको!! त्यातला मराठी मजकूर कॉपी केला की जोडाक्षरांचा पार चुरा होतो, मग एवढं परत टाइप कोण करणार. मेलमध्येच युनिकोडमध्ये मजकूर पेस्ट करा.

तालुका_वार्ताहर
डेस्कवाले साहेब शहरातले दिसतात 😀 तालुक्याच्या पानावर नावं लागतात, नाव आलं की तो माणूस चार अंक जास्त घेतो. फक्त ती शेवटच्या परिच्छेदात टाका, "यावेळी अमुक अमुक उपस्थित राहणार आहेत". जागा कमी पडली तर कात्री खालूनच लागते, तेव्हा नावं गेली तरी बातमी उरते. तुमच्या नोटला खालून कात्री लावली तर भाज्याच जातील, अध्यक्ष राहतील.

जाहिरातीचं म्हणाल तर आमच्यातल्या बऱ्याच जणांना मानधन नावालाच असतं, कमिशन जाहिरातीवर, म्हणून विचारतात. नाही जमणार सांगा सरळ, राग नाही येत कोणाला. पण मुंबईला मेल करून बसण्यापेक्षा आधी इथल्या वार्ताहराला गाठा, आणि संध्याकाळी फोन करू नका, आतली पानं लवकर छपाईला सोडायची असतात तेव्हा कोणी धड बोलत नाही, दुपारी बाराच्या आसपास करा. कार्यक्रम रविवारी आहे ते बरं, रविवारी ऑफिसं बंद, बातम्या कमी, त्यामुळे सोमवारच्या अंकात जागा मिळते. त्या संध्याकाळी दुसरी छोटी नोट तयार ठेवा.

फोटो पण सांगतो. बारा जण एका रिबीनला धरून उभे, असला नको. एखादी मावशी शेवळाची जुडी हातात धरून, जवळून काढलेला, तिला विचारून, आणि खाली तिचं नाव नि वाडीचं नाव. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला की बारीक होतो, छापायला फाटतो.

शंकासुर
पण जिल्हा माहिती कार्यालयाची पत्रकं तर कायम मंत्र्यांच्या नावानेच सुरू होतात, ती बरी छापून येतात?

जुना_डेस्कवाला
ते मंत्री आहेत म्हणून. यांचे अध्यक्ष नाहीत ना अजून.
गंमत म्हणून सांगतो, पहिली प्रेस नोट म्हणून जिचं नाव घेतात ती १९०६ ची, अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वे पुलावरून पाण्यात पडली तेव्हा कंपनीच्या वतीने आयव्ही ली नावाच्या माणसाने काढलेली. न्यूयॉर्क टाइम्सने जशीच्या तशी छापली. कंपनी अपघात लपवेल अशी सगळ्यांची अपेक्षा, यांनी स्वतःच माहिती दिली.

रानवाट_कर्जत
धन्यवाद सगळ्यांना, आज रात्रीच बदलतो. अडचण एकच, अध्यक्षांना पहिल्या ओळीतून शेवटच्या परिच्छेदात पाठवायचं कोणी, वर्गणी त्यांचीच जास्त आहे.

तालुका_वार्ताहर
त्यांना एक वाक्य बोलायला द्या, "आनंद होत आहे" वालं नको, त्यांच्या घरी शेवळं कशी करतात ते विचारा आणि तेच नावासकट मधे टाका. खूश होतील आणि बहुतेक छापून पण येईल. संपर्कासाठी नंबर मात्र त्यांचा देऊ नका, जो फोन उचलतो त्याचा द्या.