घरासाठी परवडणारा फ्लॅटबेड स्कॅनर: डीपीआय बघायचा की अजून काही?

जुनाअल्बम
फ्लॅटबेड स्कॅनर घ्यायचा आहे. काम असं: ४×६ इंची सुमारे ४०० फोटो, नेहमीची कागदपत्रं, घट्ट बांधणीची दोन-तीन जुनी मराठी पुस्तकं (मजकूर ओसीआर करायचा आहे, म्हणजे पानाच्या चित्रातून संगणकावर बदलता येणारी अक्षरं काढायची आहेत) आणि थोड्या ३५ मिमी निगेटिव्ह. खोक्यांवर २४००, ४८००, १९२०० असे डीपीआय (एका इंचात किती ठिपके) लिहिलेले असतात. यातला खरा आकडा कुठला? यूएसबीवरच चालणारा पातळ, स्वस्त स्कॅनर या सगळ्याला पुरेल का?

पिक्सेलमोजणी
१९२०० सोडून द्या. तो सॉफ्टवेअरने मधले ठिपके भरून फुगवलेला आकडा असतो. ‘ऑप्टिकल’ शब्दापुढचा आकडा बघा, आणि तो २४००×४८०० असा जोडीने दिला असेल तर लहान आकडा धरा. मोठा आकडा बहुधा मोटरच्या पावलांचा असतो.

पण तुमच्या कामाला तेवढाही लागत नाही. कागदपत्रांना ३००, फोटोंना ६०० भरपूर. ४×६ चा फोटो ६०० ला २४००×३६०० पिक्सेलचा होतो, म्हणजे २४ बिट रंगात, न दाबलेल्या टिफ फाईलमध्ये सुमारे २६ एमबी. ४०० फोटोंचे सुमारे १०.४ जीबी झाले. १२०० ला हेच चौपट होतं, वेळही वाढतो, आणि छापील फोटोत तेवढा तपशील सहसा नसतोच, मोठा दिसतो तो कागदाचा पोत. फोटो फिका पडला असेल तर डीपीआय वाढवण्यापेक्षा ४८ बिट रंगात स्कॅन करा, रंग नंतर सुधारताना पट्टे पडत नाहीत.

काचेखाली
डीपीआयपेक्षा सेन्सर कुठला हे आधी बघा, कारण तुमची पुस्तकं तिथेच अडणार.

पातळ, यूएसबीवर चालणाऱ्या स्कॅनरमध्ये सीआयएस असतो: काचेच्या रुंदीएवढी सेन्सरची पट्टी, अगदी काचेला लागून. कॅनन लाइड ३०० आणि ४००, एप्सन व्ही३९ ही यातली. कागद काचेला चिकटलेला असेल तर निकाल उत्तम. पण कागद दोन-तीन मिलिमीटर जरी उचलला गेला तरी तेवढा भाग धूसर आणि काळपट येतो. घट्ट बांधणीच्या पुस्तकात शिवणीजवळ नेमकं हेच होतं. सुरकुतलेला कागद आणि पुठ्ठ्यावर डकवलेला, कडा उचललेला फोटो यांचंही तसंच.

दुसरा प्रकार सीसीडी सेन्सरचा. त्यात आरसे आणि भिंग असतं, त्यामुळे काचेपासून थोडं उचललेलंही स्पष्ट येतं. पण यंत्र जाड, वेगळा अडॅप्टर लागतो आणि महागही असतं.

निगेटिव्हचा प्रश्न वेगळा. साध्या फ्लॅटबेडमध्ये दिवा सेन्सरसोबत खालून फिरतो, निगेटिव्हला मात्र पलीकडून उजेड हवा. त्यासाठी झाकणात दिवा असलेलं मॉडेल लागतं, उदाहरणार्थ एप्सन व्ही६००. ‘थोड्या’ निगेटिव्हसाठी तेवढा खर्च करू नका. सपाट एलईडी पॅनेलवर निगेटिव्ह ठेवून कॅमेऱ्याने मॅक्रोत फोटो काढा आणि रंग उलटवा.

मग माझं मत: फोटो आणि कागदांसाठी सीआयएस घ्या. पुस्तकं एकेक पान दाबून करा. बांधणी मोडेल अशी भीती असेल तर पुस्तकांनाही कॅमेराच बरा.

शिरोरेषा
ओसीआरसाठी थोडं. टेसरॅक्ट या मोफत ओसीआर सॉफ्टवेअरसाठी मराठीची भाषा-फाईल आहे, ती वेगळी उतरवावी लागते. स्कॅन ग्रेस्केलमध्ये, ३०० डीपीआय. टाइप बारीक असेल तर ४००. १ बिटचा काळा-पांढरा मोड वापरू नका, त्यात अनुस्वार गळतात आणि कागदावरचे डाग अनुस्वार होऊन बसतात. पान तिरकं असेल तर ओसीआरआधी सरळ करून घ्या, नाहीतर शिरोरेषेमुळे ओळी चुकीच्या तुटतात. पातळ कागदातून मागचा मजकूर दिसत असेल तर पानामागे काळा कागद ठेवा. पांढऱ्या झाकणाने तो उलट जास्त उठून दिसतो.

लिनक्स असेल तर खरेदीआधी सेनच्या (लिनक्सवर स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर) यादीत मॉडेल शोधा. लाइड ३०० आणि ४०० त्यात आहेत.

जुनाअल्बम
म्हणजे सीआयएस. घरी आणल्यावर, परत करण्याची मुदत असेपर्यंत काय तपासू?

काचेखाली
आधी स्कॅनरच्या तळाशी किंवा मागे वाहतुकीसाठीचं कुलूप असेल तर उघडा. ते बंद राहिलं तर गाडी (सेन्सर घेऊन फिरणारा भाग) अडून घरघर होते आणि माणसाला यंत्रच बिघडलंय असं वाटतं. केबल थेट संगणकाच्या पोर्टला लावा. वीज न पुरवणाऱ्या हबवर स्कॅनर मध्येच थांबतो.

मग कोरा पांढरा कागद ३०० ला स्कॅन करून कॉन्ट्रास्ट जोरात वाढवा. ठिपका दिसला तर काचेवर धूळ. गाडी जाते त्या दिशेने पूर्ण लांबीभर सरळ रेष दिसली तर धूळ सेन्सरवर किंवा काचेच्या टोकाच्या आतल्या पांढऱ्या कॅलिब्रेशन पट्टीवर (जिच्यावरून स्कॅनर पांढरा रंग ठरवतो) आहे. ती वरून पुसून जात नाही, यंत्र बदलून घ्या.

शेवटी एक मोजपट्टी काचेवर उतरती ठेवा, एका टोकाखाली नाणं. कुठल्या आकड्यापासून रेघा धूसर होतात ते बघितलं की पुस्तकाचं पान किती दाबावं लागेल ते कळतं.

काच पुसताना द्रव फडक्यावर घ्या, काचेवर नको. कडेने आत झिरपला तर खालच्या बाजूला धुकं बसतं.