बिटव्हीएम: बिटकॉइनवर प्रोग्राम चालत नाही, खोटा दावा पकडला जातो

रेवदंडा
काल मित्राने पाठवलेली एक पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून हा धागा. तीत लिहिलं होतं की बिटव्हीएम ही रचना आल्यापासून बिटकॉइनवर कुठलाही प्रोग्राम चालतो, एकही नियम बदलावा लागत नाही, प्रोग्राम चालवणाऱ्या इथेरियम साखळीची गरज संपली. खाली नुसत्या टाळ्या.

चालत नाही हो! ऑक्टोबर २०२३ मध्ये रॉबिन लिनस यांनी मांडलेल्या रचनेत सगळं गणित साखळीबाहेर, म्हणजे बिटकॉइनच्या सामायिक नोंदवहीबाहेर होतं. एकजण "प्रोग्राम चालवला, उत्तर हे आलं" असा दावा करतो आणि अनामत ठेवतो. प्रत्येक बिटसाठी दोन हॅश (गुपितावरून काढलेले ठसे) आधीच ठरलेले, एक ०चा, एक १चा. त्यातल्या एकामागचं गुपित उघड केलं की तो बिट त्याला चिकटला. पुढे त्याच बिटचं दुसरं गुपितही उघडावं लागलं, तर दोन्ही दाखवून समोरचा अनामत घेऊन जातो. अख्खा प्रोग्राम नँड गेटांत, म्हणजे दोन बिटवरून एक बिट काढणाऱ्या छोट्या पायऱ्यांत फोडायचा, प्रत्येक गेट टॅपरूट या बिटकॉइनमधल्या सोयीतल्या अटींच्या झाडाचं एक पान. वाद झाला की शोधत शोधत चुकलेल्या गेटपर्यंत पोचायचं. बिटकॉइन तपासतं ते एवढंच एक गेट. काम विलक्षण बुद्धीचं आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण याला "चालवणं" म्हणायचं तर माझं दुकान कोर्ट चालवतं असं म्हणावं लागेल.

शिवाय त्या रचनेत वाद फक्त दोघांतच होऊ शकत होता. तिसऱ्याला आक्षेपाची सोयच नव्हती. पोस्टीत याचा उल्लेखही नाही.

तिसरा_कोन
अर्धीच गोष्ट सांगताय. ऑगस्ट २०२४ चं बिटव्हीएम२, म्हणजे पुढची आवृत्ती, वाचलंत का? त्यात आक्षेप कोणीही घेऊ शकतो. उत्तर बरोबर असल्याचा पुरावा तपासणारी स्क्रिप्ट (बिटकॉइनचा छोटा प्रोग्राम) एका ब्लॉकमध्ये मावत नाही म्हणून तिचे तुकडे केले. दावा करणारा प्रत्येक तुकड्याच्या आधीच्या-नंतरच्या आकड्यांना बांधील होतो. एक तुकडा चुकला, की कोणीही तेवढाच तुकडा साखळीवर चालवून दावा पाडतो.

कोर्टाचं उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे. दावा लागू शकतो या धाकानेच बहुतेक लोक सरळ वागतात. इथेरियमवर तोच प्रोग्राम प्रत्येक नोडने (साखळी तपासणाऱ्या संगणकाने) पुन्हा चालवायचा, ही उधळपट्टी बरी का?

खटाववाला
मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. २०१० मध्ये बिटकॉइनच्या स्क्रिप्टमधलं ओपी_कॅट हे तुकडे जोडणारं फर्मान बंद केलं, गुणाकार बंद केला. तेव्हाची भीती रास्त होती. आज ओपी_कॅट परत आणायला बीआयपी ३४७ हा नियमबदलाचा प्रस्ताव पडून आहे. दोन तुकडे जोडायचा साधा हुकूम मिळत नाही, म्हणून हुशार माणसं वर्षानुवर्षं डोंगर पोखरताहेत. एम्बेडेडमध्ये वीस वर्षं काढली मी. बोर्डवाले एक जादा पिन देत नाहीत म्हणून असले जुगाड केलेत. तीन वर्षांनी तो जुगाड लिहिणाऱ्यालाही उलगडत नाही.

तिसरा_कोन
२०१६ आठवा. डीएओ या इथेरियमवरच्या सामायिक निधीतून ३६ लाख इथर (इथेरियमचं नाणं) चोरीला गेले आणि ते परत मिळवायला २० जुलैला साखळीच वळवली. एकदा नियम वळतात हे कळलं की उद्या कुणाच्या दबावाने वळतील सांगता येत नाही. नियम न बदलणं हीच बिटकॉइनची किंमत आहे.

खटाववाला
दोन्ही एका तागडीत तोलू नका. डीएओनंतरचा बदल हार्ड फोर्क होता, त्यात जुने नोड नव्या साखळीबाहेर पडतात; ओपी_कॅट सॉफ्ट फोर्कने येईल, जुने नोड चालूच राहतील. आणि ज्या टॅपरूटवर तुमचं बिटव्हीएम उभं आहे, तो नोव्हेंबर २०२१ चा नियमबदलच होता ना?

माजी_हिशेबनीस
तांत्रिक भाग मला निम्माच कळला. माझा प्रश्न साधा: बिटकॉइन दुसऱ्या साखळीवर न्यायचा, तर मधल्या पुलावर पैसा कुणाच्या हातात?

रेवदंडा
समितीच्या. सगळे सदस्य आधीच ठरलेल्या व्यवहारांवर सह्या करतात आणि आपापल्या किल्ल्या नष्ट करतात. त्यातला एक जरी प्रामाणिक असला तरी पैसा सुरक्षित, असा दावा आहे.

माजी_हिशेबनीस
"एक प्रामाणिक पुरे" हे वाचून पोटात कालवलं. वडिलांची निवृत्तीची रक्कम एका नागरी सहकारी बँकेत होती. संचालक सतरा. त्यातले एक खरोखर सज्जन, आमच्या आळीतले मास्तर. बोगस कर्जांना त्यांनी विरोध नोंदवला, ठराव सोळा विरुद्ध एक असा झाला. बँकेवर निर्बंध आले तेव्हा विम्याची मर्यादा एक लाखच होती, पाच लाख फेब्रुवारी २०२० मध्ये झाली. हातात पडले ते एक लाख. बाकीची वाट बघत वडील गेले.

उंबरठा
आमच्याकडेही तेच. मामीने घराच्या पागडीचे पैसे अशाच बँकेत ठेवले होते. दर शनिवारी शाखेसमोर रांग, हातात पासबुक. लेखापरीक्षक दरवर्षी अ वर्ग देत होते, त्यांना कोणी विचारलं का?

तिसरा_कोन
वाईट वाटलं, पण हा धागा सहकारी बँकांचा नाही.

माजी_हिशेबनीस
वडिलांचे पैसे तुम्हाला विषयांतर वाटतात? विश्वास कुणावर ठेवायचा हाच विषय चाललाय ना इथे?

तिसरा_कोन
शब्द चुकला, मागे घेतो. पण गणित तरी नीट बघा. तुमच्याकडे बहुमत चोरांचं होतं म्हणून मास्तर हरले. मार्च २०२२ मध्ये रोनिन या दुसऱ्या एका साखळीच्या पुलावरही ९ पैकी ५ किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या आणि पैसा गेला. इथे उलटं आहे. मास्तरांनी एकट्याने किल्ली नष्ट केली तरी सोळा जण मिळून रुपया हलवू शकत नाहीत.

माजी_हिशेबनीस
नष्ट केली हे मी कसं तपासायचं?

तिसरा_कोन
बाहेरून तपासता येत नाही. एवढं मानतो.

रेवदंडा
मीही एवढं मानतो की बिटव्हीएम२ जुन्यापेक्षा पुष्कळ पुढे आहे आणि मी ते पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. पण अजून एक अडचण आहे. पैसे परत मागणाऱ्याला पूल चालवणारा ऑपरेटर आधी स्वतःच्या खिशातून देतो आणि नंतर पुलातून वसूल करतो. हे ऑपरेटर सुरुवातीलाच ठरलेले असतात. सगळेच हातावर हात ठेवून बसले तर चोरी होत नाही, पण पैसा आत राहतो.

माजी_हिशेबनीस
आमचाही निर्बंधात अडकलाच होता. खात्यावर शेवटपर्यंत पूर्ण दिसत होता.

तिसरा_कोन
अडकण्याचा मुद्दा मान्य. त्याला आज माझ्याकडे उत्तर नाही.

खटाववाला
उत्तर आहे. कॉव्हेनंट, म्हणजे पैसा पुढे कुठे जाऊ शकतो हे बिटकॉइनच्या नियमानेच बांधायची सोय आणा, सह्या करणारी समितीच नको.

तिसरा_कोन
म्हणजे नियम बदला. माझा विरोध कायम.