आयोडीन थेरपीनंतर घरातला कचरा कोणाकडे द्यायचा?

केतकी_कोथरूड:
आईच्या थायरॉइड कॅन्सरचं ऑपरेशन झालं, नंतर किरणोत्सारी आयोडीन-131 दिलं. मंगळवारी घरी आणलं. डिस्चार्ज कार्डवर वेगळा संडास, दोनदा फ्लश, कपडे वेगळे धुवा, हे सगळं आहे. पण तिला रात्री डायपर लागतं, त्याचं काय करायचं ते कुठेच लिहिलेलं नाही. आमच्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई दारावर येतात आणि खाली पार्किंगमध्ये बसून हातानं कचरा निवडतात. त्यांच्या हातात ही पिशवी द्यायला मन धजत नाही. तीन दिवसांचं सगळं बाल्कनीत बांधून ठेवलंय. दवाखान्यांच्या कचऱ्याला जसं सामायिक केंद्र असतं तसं पुणे-पिंपरीनं मिळून यासाठी का करू नये?

आरएसओ_पुणे:
पिशवी दिली नाहीत, फार बरं केलंत. मी इथल्याच एका रुग्णालयात रेडिएशन सेफ्टी ऑफिसर (आरएसओ) आहे. दोन पिशव्यांत घट्ट बांधा, वर तारीख लिहा, झाकणाच्या बादलीत घालून कोणी बसत-झोपत नाही अशा कोपऱ्यात ठेवा. आणि आजच तुमच्या रुग्णालयाच्या आरएसओला फोन करून त्यांच्याकडे जमा करता येईल का विचारा.

या आयोडीनचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, 8 दिवसांचं. 80 दिवसांत हजारातला एक भाग उरतो. आमच्या तळघरात पिशव्या तारखेप्रमाणे मांडलेल्या असतात. मुदत भरली की किरणोत्सार मोजणारा सर्व्हे मीटर लावतो, काटा रिकाम्या खोलीत असतो तिथंच राहिला तर किरणोत्साराचं चिन्ह फाडतो आणि मगच पिशवी बाहेर जाते. चिन्ह तसंच राहिलं तर पुढचा माणूस उगाच घाबरतो, आणि नंतर खऱ्या चिन्हाकडेही बघत नाही. म्हणून फाडायचं काम मी दुसऱ्यावर सोडत नाही.

सामायिक केंद्र मात्र मला पटत नाही. स्कॅनसाठी देतात ते टेक्निशियम तर 6 तासांत निम्मं होतं. जे जागेवरच विझतं ते टेम्पोत घालून शहरभर कशाला फिरवायचं? अमेरिकेनं 1980 मध्ये कायदा करून राज्यांना गट करून कमी किरणोत्सारी कचऱ्यासाठी जागा शोधायला सांगितलं. टेक्सासच्या अँड्र्यूज काउंटीतली जागा सुरू व्हायला 2012 उजाडलं.

भोसरीचा_भंगारवाला:
साहेब, दवाखान्याचं विझतं, पण कोबाल्टचं काय? 2010 ला दिल्लीत मायापुरीच्या भंगारात विद्यापीठाचं किरणोत्सारी कोबाल्ट असलेलं जुनं यंत्र लिलावातून आलं, एक कामगार गेला. तेव्हापासून जाड शिशाचं काही आलं की मी कापू देत नाही. पण मीटर आमच्याकडे कुठाय?

आरएसओ_पुणे:
दादा, बरोबर बोललात. कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य 5 वर्षांहून जास्त, सीझियम-137 चं 30. असे स्रोत पुरवठादाराकडे परत किंवा मान्यताप्राप्त केंद्रात जायला हवेत. सगळ्या जिल्ह्यानं मिळून काही करायचंच असेल तर भंगारबाजार आणि कचरा डेपोच्या फाटकांवर मीटर बसवावेत. त्यासाठी मी कुठल्याही बैठकीला यायला तयार आहे.

केतकी_कोथरूड:
रुग्णालयानं पिशव्या घ्यायचं कबूल केलं. ताईंना सगळं नीट सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बाकीच्या घरांत असा पेशंट असला तर मला कोण सांगणार?"