हॅम रेडिओ, रिस्ट्रिक्टेड ग्रेड: कॉमर्सवाल्याने थिअरी कुठून धरावी?

सांजवारा
एएसओसीच्या, म्हणजे हॅम (हौशी) रेडिओ चालवण्याच्या प्रमाणपत्राच्या, रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा द्यायची आहे. शिक्षण कॉमर्सचं. नियमांचा भाग वाचून होतोय, पण रेझिस्टर-कपॅसिटरपाशी गाडी अडते. प्रश्नसंच घोकून भागेल का? आणि मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) लागतो का?

तांब्याची_तार
मोर्स रिस्ट्रिक्टेडला नाही. वरच्या जनरल ग्रेडला लागतो, मिनिटाला ८ शब्द.

आधी गुणांचा हिशोब बघा. तासाभराचा पेपर, ५०-५० गुणांचे दोन विभाग. प्रत्येकात ४० टक्के, म्हणजे २०, आणि दोन्ही मिळून ५० हवेत. नियमांत ४५ पडले आणि थिअरीत १८, तर बेरीज ६३ होऊनही नापास. थिअरी ऑप्शनला टाकता येत नाही ती यामुळे.

घोकंपट्टीचं म्हणाल तर प्रश्नातला आकडा बदलला की ती कोसळते. त्यापेक्षा एकच उदाहरण उलटसुलट सोडवा. १२ व्होल्ट आणि १०० ओहमचे दोन रेझिस्टर घ्या. सिरीजमध्ये २०० ओहम, करंट ६० मिलिअँपिअर. पॅरललमध्ये ५० ओहम, २४० मिलिअँपिअर. कपॅसिटरचं नेमकं उलटं: १० मायक्रोफॅरडचे दोन पॅरललमध्ये २०, सिरीजमध्ये ५. पेपरात घाईघाईत हेच चुकतं. दुसरी चूक म्हणजे पॉवर काढताना मिलिअँपिअर तसेच गुणणं. ६० म्हणजे ०.०६, मग १२ गुणिले ०.०६ बरोबर ०.७२ वॅट.

अँटेना सोपा भाग आहे, सोडू नका. हाफ-वेव्ह डायपोल म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची, मध्ये कापलेली तारेची अँटेना. तिची लांबी मीटरमध्ये = १४३ भागिले मेगाहर्ट्‌झ. ७.१ ला साधारण २०.१४ मीटर, मध्ये कापून प्रत्येक बाजू १०.०७.

सांजवारा
पण तरंगलांबी ३०० भागिले मेगाहर्ट्‌झ ना? मग अर्ध्याला १५० हवं. हे १४३ कुठून आलं?

खरखर
१५० मोकळ्या अवकाशातल्या लहरीसाठी. प्रत्यक्ष तारेत टोकांच्या परिणामामुळे अनुनादाची लांबी सुमारे ५ टक्के कमी भरते. प्रश्नात 'तरंगलांबी' विचारली तर ३००, 'डायपोलची लांबी' विचारली तर १४३. आणि एकक बघा: ७१०० किलोहर्ट्‌झ दिलेत आणि तुम्ही तसेच भागलेत तर डायपोल २ सेंटिमीटरचा निघेल. उत्तर हास्यास्पद वाटलं की आधी एकक तपासायचं.

तारसाहेबांनी रिसीव्हर वगळला, पण सुपरहेट सोडू नका, म्हणजे आलेला सिग्नल आधी एका ठरलेल्या मधल्या फ्रीक्वेन्सीवर (आयएफ) आणणारा रिसीव्हर. सिग्नल ७१०० किलोहर्ट्‌झ, आयएफ ४५५. त्यासाठी रिसीव्हरमधला लोकल ऑसिलेटर स्वतःची लहर तयार करतो आणि मिक्सर ती सिग्नलशी मिसळतो. ऑसिलेटर वरच्या बाजूला असेल तर तो ७५५५ वर. आता ८०१० वरचं स्टेशनही ७५५५ शी मिसळून ४५५ च देतं, म्हणून ते नको असताना ऐकू येतं. हीच इमेज फ्रीक्वेन्सी: सिग्नल अधिक दोन वेळा आयएफ. ती अडवायची तर मिक्सरच्या आधीच, आरएफ (अँटेनाकडून येणाऱ्या मूळ सिग्नलच्या) ट्यूनिंगने. मिक्सर ओलांडल्यावर आयएफ फिल्टरला दोन्ही सारखेच.

झुलू_झुलू
नियमांच्या विभागात गुण जातात ते क्यू-कोडमध्ये, म्हणजे क्यूने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी संक्षिप्त संदेशांमध्ये. क्यूआरएम आणि क्यूआरएन कायम गोंधळतात. एम माणसाचा, एन निसर्गाचा: पहिला इतर स्टेशनांचा अडथळा, दुसरा वातावरणातला खडखडाट. क्यूआरओ म्हणजे पॉवर वाढवा, क्यूआरपी म्हणजे कमी करा. क्यूएसबी सिग्नल चढ-उतार, क्यूएसवाय फ्रीक्वेन्सी बदला. फोनेटिक अक्षरांसाठी (प्रत्येक अक्षराला ठरलेला शब्द) रस्त्यावर सिग्नलला थांबल्यावर पुढच्या गाडीची पाटी वाचा, एमएच म्हणजे माईक होटेल. आठवडाभरात पाठ होतात, फुकटात.

उत्सर्जनाचे प्रकारही, म्हणजे सिग्नल कोणत्या पद्धतीने पाठवला त्याचे कोड, पाठ करा: ए१ए मोर्स, ए३ई साधं एएम, जे३ई एसएसबी (एकच बाजूपट्टी पाठवणं), एफ३ई एफएम. आपल्याकडे २ मीटर बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ. परदेशी पुस्तकात १४८ पर्यंत दिसेल, ते इथे लिहिलंत की उत्तर चुकलं.

तांब्याची_तार
बरोबर. आणि हँडहेल्ड आधीच घेण्याची घाई नको, लायसन्सशिवाय पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबायचा नसतो. सरावाला वेब-एसडीआरवर (इंटरनेटवरून ऐकता येणारा रिसीव्हर) ४० मीटर बँड ऐका. १० मेगाहर्ट्‌झच्या खाली एलएसबी (एसएसबीची खालची बाजूपट्टी) लावा, नाहीतर बदकासारखा आवाज येईल.