आजोबांच्या अप्रकाशित कथा अनोळखी वाचकांपर्यंत न्यायच्या आहेत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा (आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो) जावळी तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. कोयना धरणात गाव गेलं आणि घर उठून तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगडमधल्या वसाहतीत आलं. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत कथांच्या वह्या आणि एक अर्धी राहिलेली कादंबरी निघाली. यातलं काहीही कुठे छापून आलेलं नाही. दोन कथांना तर मासिकांची ‘साभार परत’ची पोस्टकार्डं टाचलेली आहेत.

कथा बहुतेक बुडीत गावांच्या आहेत. एक ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाची आहे. वसाहतीत राहणाऱ्या एका माणसाची बहीण कोयनेकाठीच दिलेली असते. रेडिओवर बातमी ऐकून तो निघतो, आणि ज्या मुलखातून सरकारने उठवलं तिकडे वाट विचारत जातो. बहीण भेटते की नाही हे अण्णांनी सांगितलेलंच नाही. ही कथा कोणत्याही चांगल्या संग्रहात शोभेल असं मला मनापासून वाटतं.

काकांचं म्हणणं, वर्षश्राद्धाला पुस्तिका छापून पाहुण्यांना वाटू. त्यांची भावना मला समजते, पण अशी पुस्तिका फोटो बघून कपाटात जाते. मला या कथा अण्णांना कधीच न पाहिलेल्या माणसांनी वाचायला हव्या आहेत. विशेषतः ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडच्या वसाहतींमधली तिसरी पिढी, जिला आपलं मूळ गाव फक्त नावानं माहीत आहे.

आतापर्यंतचं काम असं. वह्या शिवणीच्या आहेत, स्कॅनरवर दाबल्या की शिवण उसवते, म्हणून खिडकीजवळ ठेवून वरून फोनने फोटो काढले. सेलोटेप आणि लॅमिनेशन मुद्दाम टाळलं. ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून त्याचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर) छापील मराठी बऱ्यापैकी ओळखतं, पण या हस्ताक्षरापुढे हात टेकतं. म्हणून मी आणि आतेबहीण युनिकोडमध्ये टंकतो आहोत. एका वहीच्या समासात मोडीत टिपणं आहेत, ती आम्हाला वाचता येत नाहीत. कुणाला मोडी येत असेल तर त्या पानांचे फोटो पाठवेन.

आता जिथे अडलोय ते.

जुन्या वह्यांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘आतां’ असे अनुस्वार आहेत, नंतरच्या वह्यांत नाहीत. न उच्चारले जाणारे असे अनुस्वार गाळणारे साहित्य महामंडळाचे नवे लेखननियम १९६२ साली आले, आणि मास्तरच असल्याने अण्णांनी ते पाळले असावेत. कथांवर तारखा नाहीत, त्यामुळे कोणती आधीची हे आम्ही या अनुस्वारांवरूनच ताडतो. वाचकासाठी छापताना ते काढावेत का? माझा कल निवेदन आजच्या लेखनात आणून मूळ पानांचे फोटो जपून ठेवण्याकडे आहे. संवादांना मात्र मी हात लावणार नाही. ‘आमास्नी’, ‘न्हाई’ हे प्रमाण मराठीत आणलं तर ती माणसंच उरणार नाहीत. कादंबरीही जिथे थांबली तिथेच थांबू द्यावी असं मला वाटतं, कुणी पुरी करू नये.

हक्कांबद्दल वाचलं ते असं: मृत्युपत्र नसल्यामुळे लेखनाचे हक्क सगळ्या वारसांकडे एकत्र येतात, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे आज आम्ही जिथे सही करू, तिथे आमची मुलंही बांधली जातील. एका प्रकाशकाने पाठवलेल्या मसुद्यात छपाईचा खर्च आमचा आणि ध्वनी, चित्रपट, अनुवाद धरून सर्व हक्क त्यांचे असं होतं. आम्ही नाही म्हणालो. वारसांचं संमतीपत्र कुणी केलं असेल तर त्यात काय काय लिहिलं? नोटरी केली का?

सगळ्यात अवघड प्रश्न एका कथेचा. नुकसानभरपाईच्या पैशात हात मारणारा कारकून त्यात आहे. नाव बदललेलं आहे, पण टोपणनाव आणि लंगडणं तेच, आणि त्याची नातवंडं शेजारच्या वसाहतीत राहतात. मेलेल्या माणसाच्या बदनामीचीही कायद्यात दखल आहे. टोपणनाव बदलावं, की आधी त्या घरी जाऊन कथा वाचून दाखवावी? आई म्हणते, आधी वाचून दाखव. मला धीर होत नाही.

माध्यमाचंही ठरत नाही. विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात मुख्यतः पूर्वी प्रकाशित झालेलं साहित्य घेतात, त्यामुळे तो मार्ग सध्या बंद. ई साहित्य प्रतिष्ठानसारखं मोफत ई-पुस्तक, प्रतिलिपी या कथा वाचण्या-लिहिण्याच्या ॲपवर एकेक कथा, की आधी दिवाळी अंक? अनोळखी, हयात नसलेल्या लेखकाची कथा संपादक वाचतात का, आणि सोबतच्या पत्रात लेखकाबद्दल किती लिहावं? मला ध्वनिमुद्रणही करायचंय. वसाहतीतल्या म्हाताऱ्यांना बारीक अक्षर वाचवत नाही, आणि ही बोली कानावर पडली तर ती पटकन जवळची वाटेल. त्यासाठी जावळी-पाटणकडची बोली तोंडात असलेला वाचक हवा. पुण्या-मुंबईच्या उच्चारांत ते जमणार नाही.

भूकंपाची कथा टंकून, दोनदा तपासून तयार आहे. अण्णांचा आणि तुमचा काही संबंध नाही असे दोन-तीन वाचक हवे आहेत, जे ती पूर्ण वाचून कुठे कंटाळा आला, कुठे कळलं नाही ते स्पष्ट सांगतील. तयार असाल तर खाली लिहा, मी फाइल पाठवते.