मदत हवी आहे: बिनपगारी रजेत आलेल्या सुट्ट्यांचे पैसे मिळतात का? (ओंटारियो, कॅनडा)

नमस्कार मंडळी. मी ब्रॅम्प्टनला एका वेअरहाऊसमध्ये तासावर काम करते. ताशी २० डॉलर, सोमवार ते शुक्रवार, आठवड्याला ४० तास. साताऱ्याला वडिलांची बायपास ठरली, म्हणून सुपरवायझरकडून ईमेलवर बिनपगारी रजा मंजूर करून घेतली. १२ डिसेंबर २०२५ची शिफ्ट पूर्ण करून निघाले आणि ठरल्याप्रमाणे १९ जानेवारीला कामावर हजर झाले.

आता पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) २५ डिसेंबर, २६ डिसेंबर आणि १ जानेवारी, तिन्ही सुट्ट्यांपुढे शून्य आहे. पेरोलच्या बाई म्हणतात, "रजाच बिनपगारी, मग सुट्टीचे पैसे कसले?" वर असंही की सुट्टीच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी कामावर असावं लागतं, तुम्ही तर देशातही नव्हता.

तिकिटं आणि हॉस्पिटल यांत बरीच रक्कम गेली आहे, त्यामुळे सोडून देणं परवडत नाही. माझा हक्क असेल तर किती पैसे निघतात, आणि नोकरी न दुखवता ते मागायचे कसे?

प्रतिसाद १

ताई, बाबांची तब्येत आता कशी आहे?

पैसे मिळायला हवेत. रजा बिनपगारी म्हणजे त्या दिवसांचा पगार नाही, इतकंच. पब्लिक हॉलिडे पे, म्हणजे सार्वजनिक सुट्टीचे पैसे, निघतात ते आधीच्या कमाईवरून. ज्या आठवड्यात सुट्टी येते, त्याच्या आधीच्या चार आठवड्यांतला नेहमीचा पगार अधिक व्हेकेशन पे (वार्षिक रजेचे पैसे), भागिले २०.

तुमचा आठवडा रविवार ते शनिवार धरला तर नाताळसाठी २३ नोव्हेंबर ते २० डिसेंबर बघायचं. त्यात तीन आठवडे काम झालंय, म्हणजे २४०० डॉलर, भागिले २० म्हणजे १२०. बॉक्सिंग डेचे (२६ डिसेंबर) तेवढेच. १ जानेवारीला मात्र ही चार आठवड्यांची खिडकी एक आठवडा पुढे सरकते, त्यात दोनच आठवड्यांची कमाई उरते, म्हणून ८०. एकूण ३२०, आणि व्हेकेशन पे दर चेकला मिळत असेल तर त्याची थोडी भर. चारही आठवडे रजेत गेले असते आणि व्हेकेशन पेही नसता, तर शून्य बरोबर ठरलं असतं. पेरोलची गल्लत बहुधा इथेच झाली असावी.

आदल्या-दुसऱ्या दिवसाचा नियम आहे, पण तो कॅलेंडरवरच्या दिवसाचा नाही. सुट्टीआधीची शेवटची आणि नंतरची पहिली ठरलेली शिफ्ट पूर्ण करायची. तुमच्या त्या शिफ्ट १२ डिसेंबर आणि १९ जानेवारीच्या, दोन्ही तुम्ही केल्यात. रजा मंजुरीचा तो ईमेल जपून ठेवा, सगळं त्यावर उभं आहे.

आधी हा हिशोब ईमेलने पेरोलला पाठवा, तोंडी बोलू नका. एम्प्लॉयमेंट स्टँडर्ड्स ॲक्ट (ओंटारियोचा कामगार कायदा), भाग १० असा उल्लेख करा. नाहीच ऐकलं तर कामगार मंत्रालयाकडे दावा करता येतो. फी नाही, मुदत दोन वर्षं. हक्क मागितला म्हणून शिफ्ट कापणं किंवा काढून टाकणं बेकायदा आहे. युनियन असेल तर मात्र आधी तिच्याकडे जा.

प्रतिसाद २

व्हँकूवरच्या ओळखीच्यांचे सल्ले इथे लावू नका. ब्रिटिश कोलंबियात सुट्टीआधीच्या ३० दिवसांपैकी १५ दिवसांची कमाई लागते, ओंटारियोत तशी अट नाही. आणि कामगार पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत काम करत असाल तर पैसे एजन्सीकडे मागायचे.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. बाबा घरी आलेत, सकाळी अंगणात फेऱ्या मारतात. मी कंपनीच्या पेरोलवर आहे, एजन्सी नाही, युनियनही नाही. एक शंका: निघायच्या आठवड्यात मी ४६ तास भरले होते. ते जास्तीचे तास धरायचे का?

प्रतिसाद १

४४ तासांपर्यंतचे धरा, ते साध्या दराचेच असतात. वरचे दोन ओव्हरटाइमचे, ते या हिशोबात येत नाहीत. चार तासांचे ८० डॉलर वाढले, म्हणजे प्रत्येक सुट्टीमागे ४ डॉलर जास्त. तो आठवडा तिन्ही सुट्ट्यांच्या खिडकीत येतो, तेव्हा ईमेलमध्ये ३२० नाही, ३३२ लिहा.